शाळेतला नाताळ २५ डिसेंबरला का नसतो? नागपूरच्या कॅथलिक शाळा आणि इतिहासाची साधनं

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. नागपूरच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत नाताळ कोणत्या तारखेला साजरा होतो?

बहुतेक जण २५ डिसेंबर म्हणतील. पण त्या दिवशी शाळा बंद असते. गव्हाणीचा देखावा, कागदी तारे, कॅरल गाणी, कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज, केकचा तुकडा हे सगळं सुट्टी लागायच्या आधीच्या दोन-चार दिवसांत उरकलेलं असतं. आणि गंमत म्हणजे, चर्चच्या पंचांगात ते दिवस नाताळचे नसतातच. ते असतात आगमनकाळाचे, म्हणजे इंग्रजीत ज्याला ॲडव्हेंट म्हणतात त्याचे.

हा तारखांचा किरकोळ घोळ वाटेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी थांबायचं असतं. दोन कॅलेंडरं एकमेकांवर बसत नाहीत, तिथे कुणीतरी कधीतरी तडजोड केलेली असते. ती कोणी केली आणि कोणासाठी केली, हे विचारलं की ‘आमच्या शाळेतला ख्रिसमस’ हा निबंधाचा विषय संशोधनाचा विषय होतो. पीएचडीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की ‘टॉपिक’ कसा शोधायचा. आज हाच टॉपिक घेऊन ते करून बघू.

आधी आगमनकाळ समजून घ्या

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा पहिला. त्यामुळे सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही होते. कॅथलिक चर्चचं धार्मिक वर्षही याच रविवारी सुरू होतं. हा वाट बघण्याचा, मनाची तयारी करण्याचा काळ. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं असतात, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतात. मिस्सामध्ये एरवी रविवारी म्हटलं जाणारं ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र या काळात म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. आनंदाचा सण २५ तारखेला सुरू होतो आणि पुढे जानेवारीत जातो. म्हणजे शाळेत मुलं पूर्ण जोशात नाताळची गाणी म्हणत असतात, तेव्हा शेजारच्या चर्चमध्ये वेदीवर अजून जांभळा रंग असतो.

आता थोडं गणित करा. वही काढा, खरंच. २०२२ मध्ये नाताळ रविवारी आला. त्यामुळे आगमनकाळ २७ नोव्हेंबरला सुरू झाला आणि पूर्ण २८ दिवस चालला. चौथा रविवार होता १८ डिसेंबर, त्यानंतर शाळेला जवळजवळ एक आठवडा मिळू शकत होता. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी होता. आगमनकाळ ३ डिसेंबरला सुरू झाला आणि फक्त २२ दिवसांचा भरला. चौथा रविवार आला तोच २४ डिसेंबरला! चर्चमध्ये चौथी मेणबत्ती सकाळी पेटली आणि संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या सुरू झाली. शाळेने चर्चचं पंचांग काटेकोर पाळलं असतं, तर २०२३ साली शाळेच्या आगमनचक्रातली चौथी मेणबत्ती मुलांसमोर पेटलीच नसती.

शाळा काय करते? ती आपलं वेगळं पंचांग तयार करते. परिपाठाच्या वेळी मेणबत्ती पेटते ती सोमवारी. ‘रोज एक चांगलं काम करा आणि गव्हाणीत एक काडी ठेवा’ असा उपक्रम शाळेच्या दिवसांत बसवला जातो. आणि सगळ्याचा शेवट सुट्टीच्या आदल्या दिवशी होतो. म्हणजे चर्चसाठी जी प्रतीक्षा आहे, तीच शाळेसाठी सण आहे.

सुट्टी येते कुठून?

इथे पहिलं साधन हाती लागतं, आणि ते अगदी रुक्ष आहे: शिक्षण विभागाचं सुट्ट्यांचं परिपत्रक. महाराष्ट्रात शाळांच्या सुट्ट्यांबद्दल दरवर्षी पत्र निघतं. त्यात एक वाक्य नेहमी भेटतं. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव किंवा नाताळ अशा सणांच्या वेळी समायोजनाने घेता येईल, मात्र जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि वर्षातल्या एकूण सुट्ट्या ७६ दिवसांपेक्षा जास्त होता कामा नयेत.

हे वाक्य दोनदा वाचा. याचा अर्थ असा की नाताळची लांब सुट्टी आपोआप मिळत नाही. शाळा ती दिवाळीतून किंवा उन्हाळ्यातून कापून आणते. नागपूरच्या घराघरांत दिवाळी संपली की ‘यांची शाळा लवकर सुरू होते’ अशी कुरकुर ऐकू येते, तिचं मूळ इथे आहे. आणि उन्हाळ्याला हात लावणं तर विदर्भात अवघडच. इथलं ऊन लक्षात घेऊन शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या टप्प्यात सुरू करण्याची सोय त्याच परिपत्रकात असते. मग उरते दिवाळी. एका सणाचे दिवस दुसऱ्या सणाला देण्याचा हा व्यवहार शाळेचं कार्यालय दरवर्षी करतं आणि त्याची नोंद फाइलमध्ये राहते. ‘सामाजिक सलोखा’, ‘सांस्कृतिक संघर्ष’ असे मोठे शब्द वापरण्याआधी ही फाइल बघायला शिका.

नागपुरात या शाळा आल्या कुठून?

मराठी ख्रिस्ती परंपरा म्हटलं की आपल्याला लगेच गोवा आणि वसई आठवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे येशूजन्माची कथा मराठी ओवीत येऊन चारशेहून जास्त वर्षं झाली. पण नागपूरचा कॅथलिक इतिहास त्या वाटेने आलेला नाही. तो पूर्वेकडून आला.

१८२१ मध्ये नागपूरजवळ कामठीला इंग्रजांची छावणी वसली. तिथलं सैन्य मद्रास इलाख्याचं होतं. फौजेबरोबर आयरिश कॅथलिक शिपाई आले, दक्षिणेतली तमिळ आणि तेलुगू कुटुंबं आली. १८४५ मध्ये सावॉय प्रांतातल्या ॲनसी गावाहून ‘मिशनरीज ऑफ सेंट फ्रान्सिस द सेल्स’ या संघाचे पहिले मिशनरी भारतात उतरले. त्यांचं मुख्य ठाणं विशाखापट्टणम झालं आणि नागपूर-कामठीचा भाग त्याच कार्यक्षेत्रात होता. तेव्हा सावॉय फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. फ्रान्समध्ये ते १८६० साली गेलं. त्यामुळे या लोकांना सरसकट ‘फ्रेंच मिशनरी’ म्हणताना जरा जपून.

१८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार होऊन नागपूर राजधानी झालं. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. १८७० मध्ये सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा, म्हणजे आपली एसएफएस, सुरू झाली. १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पहिले बिशप अलेक्सिस रिकाझ. त्याच मंडळींनी उभारलेल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे सेमिनरी हिल्स हे नाव पडलं, हे फिरायला जाणाऱ्या कितीतरी नागपूरकरांना माहीत नसतं.

इथे एक सापळा आहे. १८६७ ला रेल्वे, १८७० ला शाळा. हात शिवशिवतात ना, ‘रेल्वेमुळे शाळा निघाली’ असं लिहायला? लिहू नका. दोन तारखा जवळ आहेत, एवढंच तुम्हाला कळलंय. कारण-परिणाम जोडायचा असेल तर प्रवेश-नोंदवही लागेल, वडिलांचा व्यवसाय या रकान्यासकट. ती मिळेपर्यंत हा प्रश्नच राहू द्या. चांगला प्रश्न आहे.

आणि आजचा एक आकडा. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहरात सगळ्या पंथांचे मिळून ख्रिस्ती लोक साधारण एक टक्का आहेत. एवढ्या लोकसंख्येच्या मुलांनी शहरातल्या इतक्या कॅथलिक शाळा भरणार नाहीत. वर्गात बहुसंख्य मुलं हिंदू, बौद्ध, मुस्लीम, जैन घरांतली असणार. आता तारखेचा प्रश्न पुन्हा बघा. २५ तारखेला जी मुलं चर्चमध्ये जाणार आहेत, त्यांचा नाताळ तिथे होईलच. शाळेतला कार्यक्रम मुख्यतः उरलेल्यांसाठी आहे. आगमनकाळातला शाळेचा नाताळ हा चर्चच्या नाताळची रंगीत तालीम नव्हे. तो वेगळ्या प्रेक्षकांसाठी केलेला वेगळा सण आहे. माझ्या मते या विषयाचा गाभा हाच.

शब्द बघा

शब्द हेही साधन असतं, आणि ते फुकट मिळतं. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज शब्द, पश्चिम किनाऱ्यावरून मराठीत आलेला. नागपूरच्या मिशनऱ्यांच्या तोंडात ‘नोएल’ असणार, कामठीच्या आयरिश शिपायाच्या तोंडात ‘ख्रिसमस’. नागपुरी हिंदीत जुनी माणसं ‘बडा दिन’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात नाताळ, शाळेच्या नोटिशीत ख्रिसमस, घरी आजोबांच्या बोलण्यात बडा दिन. मुलाखत घेताना समोरचा कोणता शब्द आधी वापरतो ते टिपून ठेवा. तो कोणत्या वाटेने या सणापर्यंत आला, याचा अंदाज येतो.

दुसरा शब्द तर खास आपल्याकडचा: ‘कॉन्व्हेंट’. मूळ अर्थ सिस्टर्सचा मठ. विदर्भात मात्र गल्लीतल्या कुठल्याही इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीला कॉन्व्हेंट म्हणतात. ‘पोरगी कॉन्व्हेंटला जाते का?’ म्हणजे केजीत आहे का. चालवणाऱ्यांचा चर्चशी काडीचा संबंध नसतो, पाटीवर देवी-देवतेचं नाव असतं, आणि तिथेही सुट्टीच्या आधी छोटे छोटे सांता रिक्षातून उतरतात. शब्दाबरोबर रीतही मठाच्या भिंतीबाहेर गेली. सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमधला कार्यक्रम आणि कोपऱ्यावरच्या कॉन्व्हेंटमधला कार्यक्रम शेजारी ठेवा. पहिल्यात गव्हाणी मध्यभागी असते का? दुसऱ्यात फक्त सांता उरतो का? आगमनचक्र दुसरीकडे पोचतं का? एका डिसेंबरमध्ये, एका शहरात करता येईल असं हे तुलनात्मक काम आहे.

नाताळचा आठवडा आणि काँग्रेस

इंग्रजांच्या काळात नाताळच्या आठवड्यात कोर्टं, कॉलेजं, कचेऱ्या बंद असत. वकील आणि शिक्षक मोकळे असत. म्हणून काँग्रेसची अधिवेशनं डिसेंबरच्या शेवटी भरत. नागपुरातली दोन्ही, १८९१ चं आणि १९२० चं, याच आठवड्यात झाली.

१९२० च्या अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तो ठराव प्राथमिक शाळेच्या इतिहासासाठी वाचा. त्यात सरकारी मालकीच्या, सरकारी अनुदानाच्या किंवा सरकारी नियंत्रणाखालच्या शाळांमधून १६ वर्षांखालच्या मुलांना काढून घ्यावं, असं आवाहन आहे. अनुदान घेणाऱ्या मिशन शाळाही या व्याख्येत बसतात. आणि हे आवाहन पालकांना आहे, खुद्द मुलांना नाही, असं ठरावच स्पष्ट करतो. नाताळच्या सुट्टीमुळे भरलेल्या अधिवेशनाने नाताळ साजरा करणाऱ्या शाळांपुढे प्रश्न उभा केला! जानेवारी १९२१ मध्ये नागपूरच्या शाळांचा हजेरीपट काय सांगतो? कुणीतरी बघायला हवं.

‘मुलांना नाही, पालकांना’ एवढं मात्र लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

मोठ्या आवाजात बोलणारी दोन साधनं

मिशन शाळांवर काम करताना दोन प्रकारचे कागद सहज मिळतात, आणि दोन्ही जोरात बोलतात.

पहिला प्रकार मिशनऱ्यांच्या पत्रांचा. १८२२ मध्ये ल्यों शहरात धर्मप्रसाराला पैसे पुरवणारी एक संस्था स्थापन झाली. ती जगभरच्या मिशनऱ्यांची पत्रं छापून वर्गणीदारांना पाठवायची. १८४३ मध्ये ‘होली चाइल्डहूड’ ही खास मुलांची संस्था निघाली. युरोपातल्या कॅथलिक मुलाने दूरदेशीच्या मुलांसाठी महिन्याला एक छोटं नाणं द्यायचं आणि रोज प्रार्थना करायची, अशी तिची योजना. आता विचार करा, अशा वाचकासाठी लिहिलेल्या पत्रात भारतातल्या शाळेचा नाताळ कसा दिसेल? मुलं आनंदी असणार, डोळे चमकत असणार, गरज मोठी असणार. पत्र खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण त्यातलं मूल देणगीदाराकडे तोंड करून उभं आहे.

दुसरा प्रकार संशयाचा. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करायला समिती नेमली. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होतं. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समितीने १४ जिल्ह्यांत दौरे केले, ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. मोफत शिक्षणासारख्या सोयी धर्मांतराचं आमिष म्हणून वापरल्या जातात, असा त्यात निष्कर्ष आहे. कॅथलिकांनी त्याला छापील उत्तर दिलं. आजही दोन्ही बाजू त्यातली सोयीची वाक्यं उचलतात.

तुम्ही काय कराल? आधी भूगोल तपासा. समितीचा रोख मुख्यतः सरगुजा, रायगडसारख्या आदिवासी भागांवर होता, जे आज छत्तीसगडमध्ये आहेत. तिथल्या साक्षी नागपूरच्या सदरमधल्या शाळेला लावता येणार नाहीत. मग काळ तपासा. नागपूरला १९५० पर्यंत सगळे बिशप युरोपीय होते, पण १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला तेव्हा आर्चबिशप युजीन डिसोझा होते, भारतीय. परकीय मिशनऱ्यांवरचा वाद ऐन भरात होता, त्याच वेळी संस्थेचा कारभार भारतीय हातांत जात होता. मग लेखक तपासा. समितीत एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती सदस्यही होते. आणि खुद्द नियोगींनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरातच, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या त्या दिवसांत, बौद्ध धम्म स्वीकारला. धर्मांतरावर कठोर अहवाल लिहिणाऱ्या माणसाने त्याच वर्षी स्वतः धर्म बदलला. यावरून लगेच कुठलाही निकाल काढू नका. फक्त ‘हिंदू बाजू विरुद्ध ख्रिस्ती बाजू’ असा दोन रकान्यांचा तक्ता केला असेल, तर तो पुसा.

समितीसमोर मोठी माणसं बोलली. शाळेत गेलेलं सात-आठ वर्षांचं मूल तिथेही बोलत नाही. पत्रात ते देणगीदारासाठी आहे, अहवालात सरकारसाठी.

संविधानही बघा. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतं. कलम २८ चा तिसरा भाग म्हणतो की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येणार नाही. त्याची संमती हवी, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची. आलं ना पुन्हा? आता विचार करा की वर्गातलं नाटक ही उपासना आहे का? केक खाणं? मेणबत्तीसमोर गप्प उभं राहणं? शाळा या रेषेवर दर डिसेंबरला चालत असते. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्यात शिक्षण विभागाने आदेश काढला होता की मुलांना सांता वगैरे पात्रं करायला लावण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. १९२० चा ठराव, संविधानाचं कलम आणि हा आदेश यांचे हेतू पूर्ण वेगळे आहेत. पण तिन्ही ठिकाणी मुलाच्या वतीने बोलणारा दुसराच कुणीतरी आहे.

मूल सापडतं कुठे?

याचं एक जुनं उदाहरण हॅम्बुर्गचं आहे. आज कॅथलिक शाळांत दिसणारं आगमनचक्र मुळात कॅथलिक नाही, आणि चर्चमध्येही जन्मलेलं नाही. योहान हिनरिख विखर्न हे लुथरन धर्मगुरू गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. मुलं सारखी विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या, रोजच्या लहान. रोज एक पेटवायची, म्हणजे मुलांना मोजता येईल. कॅथलिक चर्चांमध्ये ही रीत १९२० च्या दशकात शिरली. म्हणजे शाळेने चर्चकडून ही रीत उसनी घेतली, असं आपण गृहीत धरतो, पण तिचा उगमच मुलांच्या संस्थेत आहे. मुलांच्या अधीरतेने आगमनकाळाला आकार दिला.

नागपुरात असा मुलांचा हात शोधायचा असेल तर मोठ्या आवाजाची साधनं बाजूला ठेवून हळू बोलणाऱ्यांकडे जा. काय काय बघाल?

पहिलं, शाळेचं छापील कॅलेंडर आणि डायरी. सलग दहा वर्षांचं मिळालं तरी पुष्कळ. सुट्टी कधी लागली, कार्यक्रम कोणत्या वारी, चाचणी परीक्षा त्याआधी की नंतर, हे तक्त्यात मांडा. शेजारी आगमनकाळाच्या तारखा लिहा, त्या तुम्हाला आता काढता येतात.

दुसरं, फोटो. येशूजन्माच्या देखाव्यात मरिया कोण झाली, मेंढपाळ कोण, देवदूत कोण? एका शाळेचे वीस वर्षांचे फोटो लावून बघा. मुख्य पात्रं कॅथलिक मुलांनाच मिळतात की पाठांतर चांगलं असणाऱ्यांना, की उंचीवर ठरतं? हा भूमिकावाटपाचा प्रश्न धर्म, जात, रंग आणि भाषा यांच्याबद्दल अहवालापेक्षा जास्त सांगेल.

तिसरं, गाण्यांची भाषा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. शाळेच्या स्टेजवर तो नियम नव्हता. मग तिथे इंग्रजी होती की हिंदी, मराठी कधी आली, आणि ती कोणत्या शिक्षिकेने आणली?

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आठवणी. आज चाळीस ते ऐंशी वयातली, या शाळांत शिकलेली माणसं शहरभर आहेत. ‘नाताळ आवडायचा का?’ असं विचारू नका. ‘हो, खूप मजा यायची’ याच्या पुढे काही मिळणार नाही. बारीक विचारा. तुम्ही काय झाला होतात? कपडे कुणी शिवले? केक घरी नेला तर आई काय म्हणाली? उपासाचा दिवस होता का? घरी आल्यावर गाणं म्हणून दाखवलं का, की लपवलं? सुट्टीत कॅथलिक मैत्रिणीच्या घरी गेलात का? कॅथलिक मुलांनाही विचारा: शाळेत सगळे साजरा करायचे आणि २५ तारखेला वर्गातलं कुणीच सोबत नसायचं, तेव्हा कसं वाटायचं?

आणि एक अट. आज शाळेत असलेल्या लहान मुलांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी, शाळेची परवानगी आणि पालकांची लेखी संमती हवीच. पण त्यावर थांबू नका. मुलालाही विचारा, त्याला बोलायचं आहे का. ते नाही म्हणालं तर फॉर्मवर पालकांची सही असली तरी वही मिटा.

प्रस्तावात हे कसं मांडाल?

‘नागपूरच्या कॅथलिक शाळांमधील नाताळ: एक अभ्यास’ असं शीर्षक दिलंत तर गाईड विचारतील, अभ्यास म्हणजे काय? त्याऐवजी प्रश्न लिहा: चर्चचा प्रतीक्षेचा काळ शाळेत सणाचा काळ कधी आणि कसा झाला, तो कोणासाठी झाला, आणि ज्या बिगर-ख्रिस्ती मुलांसाठी झाला त्यांनी त्याचं काय केलं? काळ मर्यादित ठेवा. १९५३ ते १९८० चांगला आहे: महाधर्मप्रांत, नियोगी अहवाल, १९५६ नंतर राजधानी गेलेलं नागपूर, १९६० ला महाराष्ट्र, मिस्सातली बदललेली भाषा, सगळं त्यात येतं, आणि त्या काळात शिकलेली माणसं अजून बोलायला आहेत. दोन शाळा घ्या, जास्त नको. एक धर्मसंघाची, एक गल्लीतली ‘कॉन्व्हेंट’. गल्लीतली तेवढी जुनी सापडली नाही, तर तीच नोंद करा: कॉन्व्हेंट हा शब्द मठाबाहेर कधी पडला याचा तो पहिला धागा.

डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, रस्ते अडतात, सरकारी कार्यालयांत कुणी जागेवर सापडत नाही. तेव्हा शिक्षणाधिकारी कार्यालयातली कागदपत्रं ऑक्टोबरच्या आत बघून घ्या आणि आगमनकाळ शाळांसाठी मोकळा ठेवा. २० डिसेंबरच्या आसपास एखाद्या शाळेने परवानगी दिली, तर स्टेजसमोरच्या खुर्चीवर बसू नका. स्टेजच्या मागे उभे राहा, जिथे मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल बांधत असतात. तिथे मुलं एकमेकांशी काय बोलतात ते ऐका, आणि त्याच दिवशी संध्याकाळी लिहून काढा.